फोन बदलला, पण हिशेब कुठं गेला?

मुदखेड जंक्शनजवळ राहणाऱ्यांना रुळांची गोष्ट नव्यानं सांगायला नको. पूर्वी इथं मीटरगेजच्या गाड्या धावत. त्या दोन रुळांत अंतर एक मीटर, तर ब्रॉडगेजमध्ये १.६७६ मीटर. मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजवर चालेल कसा? मोबाइलचंही तसंच आहे, मैत्रिणींनो!

आमच्या शेजारच्या काकूंना लेकानं आपला आयफोन दिला. काकूंकडे बचत गटाचा हिशेब. बाराजणींचे पैसे जुन्या अँड्रॉइड फोनमधल्या ॲपात मांडलेले. ते ॲप नव्या फोनवर काही येईना. "इतका महागाचा फोन, मग चालंना कसं?" काकू रडकुंडीला आल्या. तेवढ्यात कुणीतरी एक फाइल पाठवली, "ही टाका, सगळं चालतं." आयफोनवर ती उघडली नाही, म्हणून काकू सुनेच्या अँड्रॉइडवर उघडायला निघाल्या. सुनेनं हातच धरला. "आत्याबाई, थांबा!"

बरं झालं. लग्नपत्रिका किंवा सरकारी योजनेच्या नावानं येणाऱ्या अशा 'एपीके' फाइलींनी कित्येकांची खाती रिकामी केली आहेत.

ॲप कॅमेरा, साठवण, पडदा हे सारं फोनच्या प्रणालीकडून तिच्याच भाषेत मागून घेतं. अँड्रॉइडची भाषा आयफोनला कळत नाही. संगणकावर मात्र 'एम्युलेटर' टाकून फोनचं सोंग उभं करता येतं. मायक्रोसॉफ्टनंही २०२१ मध्ये विंडोज ११ साठी अँड्रॉइड ॲपची सोय आणली, पण ५ मार्च २०२५ ला ती बंद केली. बँकेची ॲप्स तर अशा सोंगावर बहुधा चालतच नाहीत.

मग करायचं काय?

• त्याच कंपनीचं ॲप ॲप स्टोअरवर आहे का, ते आधी बघा.
• नसेल तर तीच सेवा वेबसाइटवर मिळते का, ते पाहा.
• जुना फोन देऊन टाकण्याआधी हिशेब एक्सेल किंवा पीडीएफमध्ये काढून घ्या.
• व्हॉट्सॲपचे जुने निरोप न्यायचे असतील, तर नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच न्या.
• फसवणूक झालीच, तर लाजू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा.

काकूंचा जुना फोन सुदैवानं कपाटातच होता. सुनेनं त्यातला हिशेब एक्सेलमध्ये काढला आणि तो आयफोनवर बिनबोभाट उघडला. तरी काकूंनी लाल वहीसुद्धा पुन्हा सुरू केलीय. त्या म्हणतात, "वहीला कोणताही रूळ चालतो, बाई!"