नवशिक्यास साखळीच बरी

सेवानिवृत्तीनंतर मनुष्याने काळ कसा कंठावा, या प्रश्नास आपल्या कुटुंबांतून बहुधा दोनच उत्तरे मिळतात : पारायण आणि नातवंडे. दोन्ही इष्टच होत. परंतु उतारवयात एखाद्या अपरिचित विद्येचे विद्यार्थी होण्यास हरकत ती कोणती? काजळी नदीच्या मुखाशी, रत्नागिरी शहराच्या पैलतीरी असलेल्या आमच्या भाट्ये गावी पावसाळ्यात समुद्रावर फिरणे दुष्कर होते. त्या दिवसांत तरुण मंडळी कॅरमचे हौशी साखळी सामने भरवितात. साठी उलटल्यावर प्रस्तुत लेखकाने त्यांत आपले नाव घातले. त्यावरून सुचलेले चार विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

पाश्चात्त्य देशांत पूल नावाचा खेळ लोकप्रिय आहे. सहा खिशांच्या मेजावर काठीने चेंडू मारून ते खिशांत घालावयाचे. त्याच्याही हौशी साखळ्या तेथे गावोगाव चालतात. तसले मेज आपल्या माजघरात मावावयाचे नाही. पण तेच तत्त्व ७४ सेंटिमीटर चौरस पाटावर, नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या सोंगट्या आणि एक तांबडी राणी यांच्यासह नांदते. चौकटीवर आदळलेला स्ट्रायकर जवळजवळ त्याच कोनाने परततो, हे भूमिती शिकलेल्या बुद्धीस ठाऊक असते. बोटास ते नव्याने शिकवावे लागते. त्यात कोकणातील दमट हवा! बोर्ड ओलसर झाला की काल बरोबर बसलेला जोर आज अपुरा पडतो.

कोणी वडीलधारे विचारतील, हे द्यूतच नव्हे काय? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे. परंतु तेथे फासे पडतील तसे पडतात. येथे सोंगटी बोट नेईल तिकडेच जाते. पण लावला नाही, तर या खेळास द्यूत म्हणणे अन्याय होय.

आता मुख्य मुद्दा. आठ खेळाडूंची बाद पद्धतीची स्पर्धा सात सामन्यांत संपते आणि त्यांतील चौघे एकेका सामन्यानंतरच घरी जातात. हे चौघे बहुधा नवशिकेच असणार! साखळीत मात्र अठ्ठावीस सामने होतात आणि प्रत्येकाच्या वाट्यास सात येतात. ज्याला शिकण्याची गरज अधिक, त्याला बाद पद्धत सर्वांआधी निरोप देते. साखळी त्याला आणखी सहा गुरू देते. तो गुरू सोळा वर्षांचा असला तरी सामना संपल्यावर त्याला नम्रपणे विचारावे, "बाबा रे, राणी घेतल्यावर पाठोपाठची सोंगटी तू आधीच कशी हेरलीस?" आयुष्यभर फळ्यापाशी उभे राहिलेल्यास हा प्रश्न विचारणे जड जाते, म्हणूनच तो विचारावा.

हौशी हा शब्दही हलका समजू नये. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यास बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, ते हौशी खेळाडूंच्या स्पर्धेतच. चेन्नईच्या एका रिक्षाचालकाची कन्या काझिमा हिने २०२४ साली अमेरिकेतील कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णपदके मिळविली. रत्नागिरीच्या आकांक्षा कदम यांचेही नाव देशातील कॅरमपटूंत आदराने घेतले जाते. असे असता, सुट्टीत घरी सर्वांना हरविणाऱ्या आपल्या सुना-मुलींची नावे मंडळाच्या यादीत का नसावीत?

सुशिक्षित घरांतील एक उणीव येथे सांगितली पाहिजे. आपली मुले परीक्षेत पहिली येतात; परंतु जेथे पहिले येण्याची खात्री नाही, तेथे ती पाऊलच टाकीत नाहीत. हे भय त्यांना पुस्तकांतून आलेले नाही, आपल्याकडून आले आहे. आजोबा चारचौघांत हरतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा बोर्डापाशी जाऊन बसतात, हे नातवाने एकदा पाहिले, तर त्यास धैर्यावर निराळे व्याख्यान द्यावे लागणार नाही. येत्या पावसाळ्यात गावातील यादी तयार होईल, तेव्हा घरातील निदान दोन नावे तीत असावीत, आणि त्यांतील एक वडीलधाऱ्याचे असावे, एवढीच सूचना आहे.