संबंध मोडला, सही उरली

व्यापारी घराण्यांत जामीन राहण्याची प्रथा जुनी आहे. मावसभावाच्या नव्या दुकानासाठी, गावाकडून शहरात आलेल्या भाच्याच्या पहिल्या भांडवलासाठी वडीलधाऱ्यांनी शब्द टाकावा आणि त्या शब्दामागे साऱ्या घराची पत उभी राहावी, असा तो व्यवहार होता. ऋणको आणि जामीनदार एकाच पेठेत राहत, रोज मंदिरात भेटत. त्यामुळे हप्ता चुकला तर चार लोकांत मान खाली जाई. आज हीच प्रथा निराळ्या रूपात साखरपुडा आणि विवाह यांमधल्या चार-सहा महिन्यांत दिसू लागली आहे. मुहूर्त दूर असतो, पण मोटार पाडव्यालाच दारात यावी असे वाटते. मुलाचे दुकान उत्तम चालते. मात्र प्राप्तिकराच्या विवरणपत्रात उत्पन्न बेताचे दाखवलेले असते. मुलगी नोकरी करते, तिची वेतनचिठ्ठी स्वच्छ असते. शोरूममधला विक्रेता सुचवतो की वाग्दत्त वधूला सहकर्जदार करा, कर्ज लगेच मंजूर होईल. सही होते. पुढे काही कारणाने साखरपुडा मोडतो. अंगठी परत जाते, साड्या परत जातात, दोन्हीकडची ज्येष्ठ मंडळी बसून देणेघेणे मिटवतात. कर्जाच्या कागदावरील सही तेवढी परत येत नाही.

ती का येत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण अनेक घरे येथेच फसतात. बँकेने कर्ज देताना दोघांचे नाते पाहिलेले नसते, दोघांची परतफेडीची क्षमता पाहिलेली असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ४३ सांगते की अनेकांनी मिळून दिलेले वचन धनको त्यांपैकी कोणाही एकाकडून पूर्णपणे पाळून घेऊ शकतो. अर्धे कर्ज त्याचे, अर्धे तिचे, ही विभागणी घरातली असते. बँकेच्या लेखी संपूर्ण कर्ज त्याचे असते आणि संपूर्ण कर्ज तिचेही असते. सहकर्जदार न होता जामीनदार म्हणून सही केली असली तरी फार फरक पडत नाही. कलम १२८ प्रमाणे जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते, आणि आधी ऋणकोकडून वसुलीचे सर्व उपाय करा, मग जामीनदाराकडे या, असे बँकेला सांगता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच स्पष्ट केले आहे.

‘मी माझी जामीनकी मागे घेत आहे’ अशी वकिली नोटीस बँकेला पाठवण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. त्याचा उपयोग होत नाही. व्यापाऱ्यांना परिचित असलेल्या कॅश क्रेडिटच्या खात्यासाठी दिलेली जामीनकी अखंड स्वरूपाची असते. ती कलम १३० प्रमाणे पुढील व्यवहारांपुरती मागे घेता येते. मोटारीचे कर्ज एकाच वेळी दिले गेलेले असते, पुढचे व्यवहार उरलेलेच नसतात. म्हणून या बंधनातून बाहेर पडण्याचा प्रत्येक मार्ग बँकेच्या दारातूनच जातो.

आकड्यांत पाहिले की चित्र स्पष्ट होते. समजा, ९ लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के दराने ५ वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे १८,६८३ रुपये होतो. १४ हप्ते भरून झाल्यावर संबंध तुटला, तर तोवर सुमारे २ लाख ६१ हजार रुपये भरलेले असतात. परंतु मुद्दल जेमतेम पावणेदोन लाखांनी उतरलेले असते आणि सुमारे ७ लाख २५ हजार रुपये बाकी राहतात. त्या वेळी जुन्या गाड्यांचा व्यापारी मोटारीचे ६ लाख ७५ हजार देऊ करत असेल, तर मोटार विकूनही ५० हजारांची तूट उरते. मुदतपूर्व फेडीचे शुल्क त्याहून निराळे. मोटारीची कर्जे बहुधा स्थिर व्याजदराची असल्याने हे शुल्क लागू शकते आणि ते किती, हे करारपत्रात पाहावे लागते. भांडण होते ते बहुधा या पन्नास हजारांवरून. ही तूट कोणी सोसायची, हे ठरवायला दोन्ही घरे सहा महिने लावतात. त्या सहा महिन्यांत मोटारीची किंमत आणखी घसरते, आणि एखादा हप्ता चुकला तर दंडही चढतो. व्यापारी माणसाने पडत्या भावाचा माल धरून बसू नये, हे दुकानात ज्यांना पटते, त्यांना ते येथे का पटू नये?

मोटार ज्याला ठेवायची आहे त्याने केवळ स्वतःच्या नावावर नवे कर्ज काढून जुने फेडणे, हा सर्वांत स्वच्छ मार्ग होय. हे कर्ज त्याच बँकेचे असो वा दुसऱ्या बँकेचे, जुने खाते पूर्ण बंद होते आणि त्याबरोबर दुसरी सहीही सुटते. यासाठी त्याचे एकट्याचे उत्पन्न पुरेसे दिसले पाहिजे. ते दिसत नव्हते म्हणूनच तर वधूची सही घेतली होती. तेव्हा बहुधा त्याच्या वडिलांना किंवा भावाला सहकर्जदार व्हावे लागते, आणि तसे होणे न्याय्यही आहे. जुन्याच कर्जातून एक नाव वगळून दुसरे घालण्याची विनंती बँकेला करता येते. ती मान्य करणे मात्र बँकेच्या मर्जीवर असते, आणि सुरक्षितता कमी करणारी विनंती बँक सहसा मान्य करत नाही. हे दोन्ही जमले नाही तर मोटार विकून कर्ज फेडावे. बोजा असलेली मोटार बँकेच्या लेखी संमतीवाचून दुसऱ्याच्या नावावर होत नाही. म्हणून खरेदीदाराचे पैसे थेट कर्जखात्यात भरून घेणे दोघांच्याही हिताचे असते.

यांपैकी काहीही पूर्ण होईपर्यंत हप्ता थांबता कामा नये. रागाच्या भरात आपल्या खात्यातून जाणारा हप्ता बंद करणे, हे या प्रकरणातील सर्वांत महागडे पाऊल ठरते. खात्यात पैसे नसल्याने स्वयंचलित हप्ता परत गेला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ प्रमाणे धनादेश न वटल्यासारखाच तो दंडनीय अपराध ठरू शकतो. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की कर्ज अनुत्पादक ठरते, मग मोटारीची जप्ती आणि लिलाव. लिलावात बाजारभावापेक्षा कमी किंमत आली तर उरलेली रक्कम पुन्हा दोघांकडून मागितली जाते.

याची झळ त्या एका मुलीपुरती राहत नाही. चुकलेला प्रत्येक हप्ता दोघांच्याही पत-अहवालात नोंदला जातो. तीच मुलगी पुढे वडिलांच्या फर्ममध्ये भागीदार झाली, किंवा भावाच्या गोदामाच्या कर्जाला तिची सही लागली, तर बँक तिचा अहवाल मागवते. ३०० ते ९०० या मापातील तिचा गुणांक घसरलेला दिसला की घराच्या कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणावर प्रश्न उभे राहतात. ज्या घरात तीन पिढ्यांत एकही हुंडी परत गेली नाही, त्या घराला एका मोडलेल्या साखरपुड्याच्या मोटारीने उत्तरे द्यायला लावावे, ही गोष्ट मोठी क्लेशकारक आहे.

दोन्ही घरांत अजून बोलणे होत असेल, तर ते कागदावर उतरवून घ्यावे. मुद्रांकावर केलेला हा करार बँकेला बांधील करत नाही; म्हणून तो निरुपयोगी आहे असे कोणी सांगेल, पण ते खरे नाही. कलम ४३ प्रमाणे सहकर्जदारांनी भार समसमान सोसायचा असतो, परंतु दोघांत निराळे ठरले असेल तर ते ठरलेले चालते. मोटार अमुकाची, संपूर्ण कर्ज त्यानेच फेडायचे, असे लिहून घेतलेले असेल तर उद्या मुलीला भराव्या लागलेल्या हप्त्यांची अर्धी नव्हे, सगळी रक्कम ती मागू शकते. जामीनदाराच्या बाबतीत हा अधिकार कलम १४५ देतेच. अशा वसुलीसाठी रक्कम भरल्यापासून ३ वर्षांची मुदत असते. म्हणून प्रत्येक हप्त्याचा पुरावा जपावा आणि रोख व्यवहार टाळावा. करारात नवे कर्ज काढण्याची शेवटची तारीख असावी, आणि ती टळल्यास मोटार विकायला दोघांची संमती आहे हेही त्यातच असावे. तारीख नसलेला कागद वर्षानुवर्षे कपाटात पडून राहतो.

कर्ज, नोंदणी आणि विमा हे तीन वेगळे कागद आहेत, याचा विसर फार सहज पडतो. कर्ज त्याने फेडायचे ठरले, मोटारही तोच चालवतो, पण नोंदणी तिच्या नावावर राहिली असेल, तर अपघाताची नुकसानभरपाई आणि वाहतूक पोलिसांचे दंड तिच्याच दारी येतात. मोटार विकून टाकली होती, एवढे सांगून नोंदणीकृत मालकाची सुटका होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

एक गोष्ट अप्रिय असली तरी येथे सांगणे भाग आहे. मोटार मुलाकडच्यांच्या मागणीवरून आली असेल आणि कर्जावर मुलीची सही त्यासाठीच घेतली असेल, तर तो प्रश्न केवळ बँकेचा उरत नाही. विवाहाच्या संबंधात मागितलेली मौल्यवान वस्तू १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येते, मग विवाह झालेला असो वा नसो. अशा घरांनी बैठकीत प्रकरण मिटवण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. सुरुवातीचा भरणा मुलीच्या वडिलांनी केला असेल तर त्याचा हिशेब निराळा ठेवावा. हप्त्यांच्या हिशेबात तो मिसळला की दोन्ही रकमा वादात अडकतात.

कर्ज फिटले की बँकेकडून ना हरकत दाखला आणि सही केलेला नमुना ३५ घ्यावा आणि परिवहन कार्यालयात बोजा उतरवून घ्यावा. नाव बदलायचे असल्यास नमुना २९ आणि ३० लागतात. संपूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे व नोंदलेला बोजा काढणे रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानुसार बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या दोषाने उशीर झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. बँकेने काही रक्कम सोडून ‘सेटलमेंट’ देऊ केली तर हरखून जाऊ नये. अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि तो ‘बंद’ या शेऱ्याइतका निर्मळ मानला जात नाही. दीड-दोन महिन्यांनी मुलीने आपला पत-अहवाल मागवून पाहावा. देशातील चारही पत-माहिती कंपन्यांना वर्षातून एकदा तो विनामूल्य द्यावा लागतो. त्यात ते खाते बंद आणि बाकी शून्य दिसली नाही, तर ना हरकत दाखल्याची प्रत जोडून बँकेकडे आणि त्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.