काचेच्या पेटीतले अंजीर

गेल्या वर्षी श्रावणात एका संध्याकाळी भाच्याने जिन्यातूनच हाक मारली, "मामा, जरा वर येऊन बघा की, टाकीत कायतरी उगवलंय." राजारामपुरीतल्या आमच्या घरात खाली मी आणि माझी पुस्तके, वर भाच्याचा संसार आणि त्याची दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी. समुद्र गाठायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरीपर्यंत सुमारे एकशेतीस किलोमीटर जावे लागते. भाच्याने तो स्वयंपाकघराशेजारी आणून ठेवला आहे. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम तयार समुद्री मीठ विरघळवायचे, तापमान पंचवीस-सव्वीस अंशांवर धरायचे, आणि वीज गेली की इन्व्हर्टरकडे धावायचे. या टाकीत विदूषक माशांची एक जोडी आहे, एक लाल-पांढरा झिंगा, शंखातले चार खेकडे आणि मऊ प्रवाळाचे दोन गुच्छ.

दगडाच्या खालच्या अंगाला, जिथे दिव्याचा उजेड पोचत नाही, तिथे दहा-बारा पांढुरके कोंब लटकले होते. काही तांदळाएवढे, काही शेंगदाण्याएवढे. अंग खरखरीत, आकार उभट कुपीसारखा आणि टोकाला बारीक, ताठ केसांची झालर. माझी बहीण म्हणाली, "बुरशी आहे, लोणच्यावर येते तशी." भाच्याने दुकानात फोटो दाखवला, तर सल्ला मिळाला: कीड आहे, तांब्याचे औषध टाका. बाटलीही त्याने आणून ठेवली होती.

मी बी.कॉम. झालेला माणूस. प्राणिशास्त्र मला कोणी शिकवले नाही. विद्यार्थ्यांसाठीचा एक जुना सूक्ष्मदर्शक आणि रद्दीतून जमवलेली पुस्तके एवढेच माझे शिक्षण. पण तांब्याबद्दल मला माहीत होते. माशांच्या अंगावरचे परजीवी मारायला ते वापरतात हे खरे. मात्र ज्या प्रमाणात मासा तगतो, त्याच प्रमाणात झिंगा, गोगलगाय, खेकडा आणि प्रवाळ मरतात. शिवाय चुनखडीचा दगड तांबे धरून ठेवतो आणि नंतर हळूहळू सोडत राहतो. एकदा चूक केली की त्या दगडावर पुढे कित्येक महिने काही जगेल याचा भरवसा नाही. मी बाटली माझ्या कपाटात ठेवली आणि आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

खरवडून काढण्याचीही मी मनाई केली, आणि त्यामागचे कारण अधिक गंभीर होते. अशा टाक्यांत बटणांसारखे दिसणारे काही प्रवाळसदृश प्राणी असतात, पॅलिथोआ वगैरे. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते. हवाईतल्या पॅलिथोआतून ते वेगळे काढल्याचे १९७१ साली प्रसिद्ध झाले, आणि निसर्गातल्या अतिजहाल विषांत त्याची गणना होते. असे दगड उकळत्या पाण्याने साफ करू गेलेल्या हौशी लोकांना वाफेतून विषबाधा झाल्याच्या घटना परदेशांत नोंदलेल्या आहेत. न ओळखलेली वाढ उघड्या हाताने घासू नये, आणि दगड तर कधीच उकळू नये.

मग ओळखायचे कसे? मी काय नाही हे आधी ठरवत गेलो. वाढ अंधारात होती आणि हिरवी-तपकिरी नव्हती, म्हणून शैवाल बाद. लांब काडीने हलकेच स्पर्श केला, तर काहीच हालचाल नाही. टाक्यांत त्रास देणारे एप्टेसिया नावाचे समुद्रफूल असते, ते डिवचले की क्षणात आक्रसते. आणि त्याला शुंडके असतात, इथे नुसते केस. समुद्रपिचकारी नावाचा एक पिशवीसारखा प्राणी असतो, तोही स्पर्शाने अंग चोरतो, आणि त्याला दोन तोंडे असतात: एक पाणी आत घ्यायचे, एक बाहेर सोडायचे. आमच्या पाहुण्याला झालरीच्या मधोमध एकच भोक होते.

तेव्हा दुधाची युक्ती केली. पंप बंद करून ड्रॉपरने थेंबभर पातळ दूध त्याच्या अंगाजवळ सोडले. पांढरा ढग कोंबाच्या बाजूंकडे ओढला गेल्यासारखा वाटला आणि थोड्या वेळाने टोकाच्या भोकातून धुराच्या बारीक रेघेसारखा वर निघाला. भाचा म्हणाला, "च्यायला, हा तर श्वास घेतोय!"

नेमका हाच प्रवाह एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँटने १८२५च्या सुमारास पाहिला होता. स्पंज वनस्पती की प्राणी, हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. स्पंजाच्या मोठ्या भोकातून पाणी सतत बाहेर पडताना ग्रँटला दिसले. म्हणजे ते अंगावरच्या सूक्ष्म छिद्रांतून आत जात असले पाहिजे, हे त्याने दाखवून दिले. पुढे या साऱ्या गटाला पोरिफेरा, म्हणजे छिद्रधारी, हे नाव त्यानेच दिले. याच ग्रँटच्या सोबतीने विद्यार्थिदशेतला चार्ल्स डार्विन समुद्रकाठी प्राणी गोळा करीत हिंडला. आतल्या पोकळ्यांत गळपट्टी घातलेल्या पेशी असतात. त्यांच्या चाबकासारख्या शेपट्या अखंड हलतात, त्यातून हा प्रवाह तयार होतो आणि पाण्यातले जिवाणू गाळून खाल्ले जातात. ना हृदय, ना मेंदू, ना पोट.

स्पंज ठरला, पण कोणता? शेवटची कसोटी घरातल्याच सामानाने झाली. एक कोंब आपोआप सुटून गाळणीच्या कप्प्यात मरून पडला होता. तो काचपट्टीवर घेऊन वर ब्लीचचे दोन थेंब टाकले. मांस विरघळले आणि पांढरी भुकटी उरली. सूक्ष्मदर्शकाखाली ती भुकटी म्हणजे काचेसारख्या स्वच्छ सुया होत्या. पुष्कळशा त्रिशूळी, तीन हातांच्या. पट्टी पाण्याने धुऊन व्हिनेगरचा थेंब टाकताच बुडबुडे आले आणि सुया बघता बघता विरघळल्या. वाळूच्या घटकाची, म्हणजे सिलिकेची सुई व्हिनेगरला दाद देत नाही. विरघळली ती चुन्याची. कुपीचा आकार, झालर, चुन्याचे त्रिशूळ ही सगळी लक्षणे सायकॉन या वंशाकडे बोट दाखवतात. जातीपर्यंत जायचे तर शरीराचे पातळ छेद घेऊन सुयांची मांडणी मोजावी लागते. तिथे मी थांबलो. टाकीचा प्रश्न वंशापर्यंतच्या ओळखीने सुटत होता.

सायकॉन हे नाव ग्रीक भाषेतल्या अंजिरावरून आले आहे. इंग्रजी हौशी लोकांना त्यात अननस दिसतो. मला विचाराल तर सासवडकडचे कच्चे अंजीर पाहिलेल्या माणसाला ग्रीकांचेच पटेल.

ते आले कुठून, हा भाच्याचा पुढचा प्रश्न. दगडाच्या फटीत एखादा मोठा स्पंज दडून आला असणार. सायकॉनची पिल्ले आईच्या शरीरातच वाढतात आणि पोहत्या अवस्थेत बाहेर पडतात. त्या सूक्ष्म गोळीच्या अर्ध्या भागावर बाहेरून शेपट्या असतात. जागा सापडली की ती चिकटते आणि शेपट्यांची बाजू आत दुमडून घेते. जिच्या बळावर पोहली, तीच पुढे पाणी ओढायच्या कामी येते. त्यामुळे एका आईची लेकरे एका हंगामात अशी एकदम उगवल्यासारखी दिसतात. ती कोणाला चावत नाहीत, प्रवाळावर चढत नाहीत, उलट पाणी गाळतात.

एक गोष्ट मला नंतर कळली आणि ती सांगितली पाहिजे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत २००१च्या डिसेंबरात समुद्री जीवांची भर पडली. भित्ती बांधणारे सगळे कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे वाघाच्या पंगतीला. आणि चुन्याचे सगळे स्पंज तिसऱ्या अनुसूचीत. २०२२च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणी बदलली. मालवणच्या किंवा आंग्रिया बँकेच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलून घरी आणणे हा गुन्हा आहे, हे टाकी ठेवणाऱ्या पुष्कळांच्या गावीही नसते. ज्याला कीड म्हणून विष घालायला निघालो होतो, त्याच्या गोतावळ्याचे नाव कायद्याच्या पुस्तकात आहे, हे ऐकून भाचा गप्प झाला. त्याने दगड कुठून घेतला होता, हे त्यानंतर त्याने स्वतःहून मला सांगितले, आणि पुन्हा तसा दगड घेतलेला नाही.

मार्गशीर्षापर्यंत बहुतेक कोंब आपोआप नाहीसे झाले. गाळणीच्या अंधाऱ्या कप्प्यात दोन उरले होते. भाच्याची मुलगी तेव्हा दहावीला होती. रंध्रीय प्राणी संघाच्या उदाहरणांत तिने सायकॉन हे नाव पाठ केले होते, ऑस्टिया आणि ऑस्क्युला यांच्यासकट. मी तिला टॉर्च धरून कप्प्यातला तो शेंगदाण्याएवढा जीव दाखवला. ती बराच वेळ वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, हाच? पुस्तकात केवढा मोठा काढलाय."