गव्यासमोर कुठली बंदूक? गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबई-गोवा महामार्गावरच्या नांदगाव तिठ्यापासून फोंडा घाट दूर नाही, आणि घाट चढला की दाजीपूरचे जंगल लागते. राधानगरी अभयारण्याचा हा भाग गव्यांसाठीच ओळखला जातो. घाटाखाली कणकवली तालुक्यातल्या भातशेतीत गवे आणि रानडुकरे उतरू लागली की एक प्रश्न हमखास निघतो: असल्या जनावरासमोर कुठली बंदूक आणि कुठले काडतूस चालेल? या प्रश्नाभोवतीचे समज जुने आहेत आणि त्यांतले काही माणसाच्या जिवावर बेतणारे आहेत. मोठ्या जनावरासाठी हत्यार निवडणे हा शास्त्राचा आणि कायद्याचा विषय आहे. शेतकऱ्याच्या परवान्यावरची बंदूक या दोन्ही कसोट्यांना उतरत नाही, म्हणून गव्याचा बंदोबस्त त्याच्यावर सोडणेच चूक आहे, असे माझे मत आहे.

गैरसमज: नळी जितकी रुंद, तितका मार जबर.

बारा बोअरच्या छर्ऱ्याच्या बंदुकीच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. हत्ती आणि रानम्हशींच्या शिकारीत १९१२ पासून नावाजलेल्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम या रायफलच्या काडतुसातली गोळी जेमतेम ९.५ मिलिमीटर जाडीची असते. तरीही दोन्हींच्या माऱ्यात तुलनाच नाही. गोळी किती खोल शिरेल, हे तिचे वजन, वेग, घडण आणि जाडीच्या मानाने असलेला भरीवपणा ठरवतात. .३७५ची गोळी साधारण १९ ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे ७५० मीटर वेगाने सुटते. बारा बोअरच्या एसजी या मोठ्या छर्ऱ्यांच्या काडतुसातला एक छर्रा साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि गोल असल्यामुळे हवेत त्याचा वेग झपाट्याने उतरतो. पूर्ण वाढलेला नर गवा ८०० किलोंच्या पुढे जाऊ शकतो. त्याचे जाड कातडे, स्नायूंचा थर आणि खांद्याचे हाड ओलांडून हृदय-फुप्फुसांपर्यंत पोहोचणे अशा छर्ऱ्यांना बहुधा जमत नाही. गवा मरत नाही, जखमी होतो. रायफलची प्रत्येक गोळीही सारखी नसते. मऊ टोकाची गोळी आत शिरताच फुलते, तर कठीण आवरणाची भरीव गोळी आकार न बदलता खोल जाते. म्हणून जाड हाडांच्या जनावरांसाठी शिकारी भरीव गोळी वापरत आले.

गैरसमज: सर्वांत ताकदवान रायफल हाती असली की धोका संपला.

.६०० नायट्रो एक्स्प्रेस या जड रायफलची गोळी ५८ ग्रॅमची. पण तिचा धक्का इतका जबर असतो की सराव नसलेला माणूस घोडा ओढण्याआधीच अंग आखडतो आणि नेम चुकतो. उलट, वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत शेकडो हत्ती ७ मिलिमीटरच्या .२७५ रिग्बीने मारले. यावरून हलकी रायफल पुरते, असे कुणी म्हणेल. तो निष्कर्ष चुकीचा आहे. बेलला हत्तीच्या कवटीची रचना नेमकी ठाऊक होती, तो भरीव गोळ्या वापरत असे आणि त्याचा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने बसलेला होता. ते ज्ञान वजा केले तर .२७५ हे हत्तीसाठी अपुरेच हत्यार ठरते. प्रसिद्ध शिकारी जिम कॉर्बेट यांच्याकडे .२७५ रिग्बी होती, तशीच .४५०/४०० ही जड दुनळी रायफलही होती. आधी पुरेसे काडतूस आणि मग ते योग्य जागी पोहोचवणारा हात, असा हा क्रम आहे. त्यातले एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

गैरसमज: पूर्वी ठासणीच्या बंदुकीने गवे पडत, आणि परवाना आहे म्हणजे मारता येते.

पडलेल्या गव्याची गोष्ट गावभर होते, जखमी होऊन रानात शिरलेल्याची होत नाही. म्हणून जुन्या आठवणी हा पुरावा अर्धाच असतो. जखमी गवा दाट झाडीत लपतो आणि दुसऱ्या दिवशी काजू वेचायला गेलेल्या माणसाला तो भेटू शकतो. कायदाही स्पष्ट आहे. १९५९चा शस्त्र कायदा शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देतो आणि ती अपुरी पडते अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. हा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, वन्यप्राणी मारण्याचा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गवा अनुसूची १ मध्ये आहे. तो माणसाच्या जिवाला धोकादायक किंवा बरा न होण्याइतका आजारी असेल आणि पकडणे, बेशुद्ध करणे, हलवणे यांपैकी काहीच शक्य नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. विनापरवाना मारल्यास तीन ते सात वर्षांची कैद आहे. जीव वाचवताना सद्‌हेतूने मारणे गुन्हा नाही, पण त्या वेळी तो माणूस स्वतःच हा कायदा मोडत असेल, तर ही सवलत त्याला मिळत नाही.

मग शेतकऱ्याने पीक जाताना नुसते बघत राहायचे का? हा आक्षेप रास्त आहे. निवडणुकीच्या आचारसंहितेत शेतीसंरक्षणाच्या बंदुकाही अनेकदा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, तेव्हा शेतकऱ्याचा राग अधिकच वाढतो. मात्र रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे आणि उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी त्याला मारण्याची लेखी परवानगी अधिकृत वनअधिकारी देऊ शकतात. ही परवानगी वेळेत मिळाली पाहिजे, पंचनामा लवकर झाला पाहिजे, भरपाई पुरेशी असली पाहिजे. गव्याच्या बाबतीत वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवून प्रशिक्षित पथक मागणे हाच मार्ग आहे, आणि ते पथक तालुक्यात तयार असावे ही मागणी गावाने ग्रामसभेच्या ठरावाने लावून धरावी. योग्य काडतूस, सरावलेला हात आणि कायद्याचा आधार या तिन्ही गोष्टी एकत्र उभ्या करणे शासनालाच शक्य आहे. ती जबाबदारी भातशेतीच्या बांधावर रात्री एकट्या उभ्या राहणाऱ्या माणसावर ढकलणे अन्यायाचे आहे.