किल्ला जागेवर, मुलूख फिरतीवर

अहिल्यानगर जिल्ह्याचं क्षेत्रफळ 17,048 चौरस किलोमीटर, महाराष्ट्रात सगळ्यांत मोठं. नुसत्या आकड्यावरून काही उमगत नाही, म्हणून युरोपातले सात चिमुकले देश घेऊ: लक्झेंबर्ग, अँडोरा, माल्टा, लिश्टेनश्टाइन, सान मारिनो, मोनॅको आणि व्हॅटिकन. सगळ्यांची बेरीज जेमतेम 3,600. हे सातही चार-चार वेळा अंथरले तरी आणखी एक लक्झेंबर्ग बसेल एवढी जागा जिल्ह्यात उरते. आणि हे 1869 मध्ये नाशिकसाठी मोठा तुकडा काढून दिल्यानंतरचं! 2011 च्या जनगणनेत इथं 45 लाख 43 हजार माणसं होती. क्रोएशिया हा अख्खा देश आज चाळीस लाखांच्याही आत आहे.

युरोपच्या सीमा शतकागणिक कशा सरकल्या याचे नकाशे पाहून आपण तोंडात बोट घालतो. नगरकरानं त्यासाठी भुईकोट किल्ल्याच्या पुढं जायचं कारण नाही. सुमारे 1.7 किलोमीटर घेराचा हा किल्ला. 1759 साली पेशव्यांनी निजामाच्या किल्लेदाराला पैसे चारून तो घेतला, लढाई न करता. 1797 मध्ये तो शिंद्यांकडे गेला. 12 ऑगस्ट 1803 रोजी इंग्रजांनी घेतला, पुढे पेशव्यांना परत दिला, आणि 1817 च्या पुणे तहात पुन्हा काढून घेतला. 58 वर्षांत पाच वेळा धनी बदलला! त्याआधीची नगरची निजामशाही आणि मुघल यात धरलेच नाहीत.

1803 मध्ये किल्ला घेणारा मेजर जनरल आर्थर वेलस्ली तेव्हा 34 वर्षांचा होता. 8 ऑगस्टला त्यानं शिड्या लावून पेठ घेतली, मग तोफा लावल्या आणि चार दिवसांत किल्ला पदरात पाडून घेतला. किल्ल्याजवळच्या चिंचेखाली तो जेवला, असं सांगतात. हाच गडी पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि फेब्रुवारी 1815 मध्ये ब्रिटनचा प्रतिनिधी म्हणून व्हिएन्ना परिषदेत बसला. तिथं युरोपची नव्यानं वाटणी चालली होती. फ्रेंच युद्धांपूर्वी जर्मन भूमीवर तीनशेच्या वर संस्थानं होती. परिषद उठली तेव्हा महासंघात 39 उरली, आणि 1871 साली त्यांतल्या बहुतेकांचं मिळून एकच साम्राज्य झालं. वेलिंग्टनच्या वॉटर्लूबद्दल आपण शाळेत घोकतो. नगरच्या चिंचेबद्दल कोणी विचारत नाही.

आता 1795 हे एकच साल पाहा. 11 मार्चला जामखेड तालुक्यात खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं. दौलताबादसह मोठा मुलूख आणि कोट्यवधींची खंडणी तहात ठरली. त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडचा उरलासुरला भाग वाटून घेतला. तो देश 123 वर्षं नकाशावरून नाहीसा झाला. तीनच दिवसांनी, 27 ऑक्टोबरला, पुण्यात सवाई माधवराव गेले. मग गादीच्या भांडणात मदत मिळवण्यासाठी खर्ड्याची बरीचशी कमाई निजामाला परत दिली गेली. रणात कमावलेलं भाऊबंदकीत गेलं, ही आपली जुनी खोड.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी नगरला तळ उभारून जर्मन आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नागरिकांना डांबून ठेवलं. 1918 च्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरी हे साम्राज्यच उरलं नाही. ज्या देशाचा शत्रू-नागरिक म्हणून एखाद्याला तारेआड ठेवलं, तो देशच गायब! 1920 च्या तहात हंगेरीनं दोन-तृतीयांशाहून जास्त भूमी गमावली. उझहोरोद गावात 1910 साली जन्मलेला माणूस 1991 पर्यंत जगला असता, तर उंबरा न ओलांडता ऑस्ट्रिया-हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, सोव्हिएत संघ आणि युक्रेन अशा पाच देशांत राहिला असता.

आपल्याकडचा असा आकडा कोणी फारसा सांगत नाही. जामखेडची शीव ओलांडली की आष्टी, पाटोदा. तो निजामाचा मुलूख. सोयरीक इकडची तिकडे, बैलबाजार एकच. जामखेडचा माणूस 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला. आष्टीचा व्याही 17 सप्टेंबर 1948 ला, पोलिस कारवाईनंतर, निजामाच्या राज्यातून सुटला. मधे 399 दिवस गेले. त्यावर कडी म्हणजे काही गावं एका राज्याची, पण चहूबाजूंनी दुसऱ्या राज्याच्या वेढ्यात अडकलेली. ती जानेवारी 1950 मध्ये सरकारी आदेशानं इकडची तिकडे लावली गेली.

2024 साली जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, रेघ मात्र तसूभरही हलली नाही. उत्तर-दक्षिण विभाजनाची मागणी कित्येक दशकं कागदावरच आहे, आणि मुख्यालय संगमनेरला, श्रीरामपूरला की शिर्डीला यावर अजून एकमत नाही. व्हिएन्नाला निदान नऊ महिन्यांत उरकलं होतं.