थांबली तरच गाडी
लेखमाला : जुनी गाडी, नवा हंगाम – भाग ५ (ब्रेक आणि चाकं)

गेल्या भागात आपण इंजिनापर्यंत आलो होतो. हुलसूरच्या शिवारात लिंबाखाली चार पावसाळे उभी राहिलेली टाटाची सोळा-तेरा शेवटी सुरू झाली. मालकानं नारळ फोडला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. उसाचा हंगाम तोंडावर आलेला. हुणजीच्या महात्मा गांधी कारखान्याचं गाळप सुरू झालं की या पट्ट्यात रिकामी गाडी शोधून सापडत नाही. त्याच आठवड्यात गाडी भरायची, अशी मालकाची घाई होती. मिस्त्रीनं मात्र चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि म्हणाला, "मालक, चालू झाली. थांबती का, ते अजून बघायचंय."

या लेखमालेतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं वाक्य हेच आहे. इंजिन बिघडलं तर गाडी जागेवर राहते आणि नुकसान मालकाचं होतं. ब्रेक गेला तर नुकसान समोरून येणाऱ्याचं होतं, ज्याचा त्या गाडीशी काही संबंध नसतो.

आधी हिशेब समजून घेऊ. सोळा-तेरा या नावातले १६ म्हणजे मालासकट सुमारे १६ टन वजन आणि १३ म्हणजे सुमारे १३० अश्वशक्ती. १६ टनांची गाडी ताशी ४० किलोमीटरनं चालली असेल, तर तिच्या अंगात जवळपास १० लाख ज्यूल ऊर्जा असते. ब्रेक दाबल्यावर ती कुठं जाते? जवळजवळ सगळी उष्णता होऊन चार ड्रमांत जाते. तेवढ्या उष्णतेत तीन लिटर पाण्याला उकळी फुटेल. वेग दुप्पट केला, ताशी ८०, तर उष्णता चौपट होते. म्हणजे बारा लिटरहून जास्त पाणी. हे एकदा थांबण्याचं झालं. मांजरेच्या खोऱ्याकडे उतरताना ड्रायव्हर पाय ब्रेकवरच ठेवत असेल, तर ड्रमांचं काय होत असेल याचा अंदाज यावरून करता येतो.

सोळा-तेराचे ब्रेक पूर्ण हवेचे. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. पेडल दाबलं की ती हवा प्रत्येक चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते आणि आतल्या रबरी डायफ्रामला ढकलते. डायफ्राम दांडा पुढे सारतो, दांडा स्लॅक अॅडजस्टरचा हात ढकलतो, त्या हातानं कॅमची शाफ्ट फिरते. शाफ्टच्या टोकाचा इंग्रजी एस अक्षरासारखा कॅम दोन्ही ब्रेक शू बाहेर रेटतो आणि शूवरचं लायनर फिरत्या ड्रमला घासतं. चेंबरचा नंबर म्हणजे डायफ्रामचं क्षेत्रफळ, चौरस इंचात. ३० नंबरच्या चेंबरमध्ये १०० पीएसआय, म्हणजे साधारण ७ किलो दाबाची हवा आली, की दांड्यावर ३००० पौंड, सुमारे १३६० किलो जोर येतो. ड्रायव्हरच्या पायाचं काम फक्त व्हॉल्व्ह उघडायचं. म्हणूनच पेडल कसं लागतं यावरून ब्रेक कसा आहे हे कळत नाही. चाक उघडूनच बघावं लागतं.

त्या सोळा-तेराचं मागचं डावं चाक उघडलं तेव्हा मी शेजारी उकिडवा बसलो होतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, जॅकनं एक्सल उचलला आणि खाली लोखंडी घोडी दिल्यावरच मिस्त्रीनं पाना हातात घेतला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तो स्वतः जात नाही आणि पोरालाही जाऊ देत नाही. ड्रम सुटता सुटेना. चार वर्षांच्या गंजानं शू ड्रमला चिकटले होते. अॅडजस्टर मागे फिरवून, ड्रमभोवती हातोडीनं हलके ठोके देत देत तो सुटला. आत लायनरवर काळपट ओशट थर होता. हबचं सील गळून एक्सलचं तेल आत उतरलं होतं. वरच्या शूचं लायनर एका टोकाला रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजलेलं, खालचं जवळजवळ नव्यासारखं.

मालक म्हणाले, "पेट्रोलनं धुऊन बसवू की." मिस्त्रीनं मान हलवली. लायनर तेल पितं. वरून धुतलं तरी ड्रम तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं. त्यामुळं सील नवं, लायनर नवं, आणि तेही एकाच एक्सलच्या दोन्ही बाजूंना, एकाच प्रतीचं. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते. ओल्या रस्त्यावर ट्रक आडवा व्हायला एवढं पुरतं. आणि वर-खाली अशी वेगळी झीज का झाली? कॅमच्या शाफ्टचा बुश ढिला होता. तो न बदलता लायनर बदललं असतं, तर पुढच्या हंगामात हीच झीज पुन्हा दिसली असती.

इथं एक विनंती. ड्रममधली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असायचं, आणि त्याचे तंतू फुप्फुसात बसले की अनेक वर्षांनी जीवघेणा आजार देतात. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमध्ये शिकायला आलेल्या पोरांसाठी तरी एवढं कराच.

ड्रमची परीक्षा तीन प्रकारे होते. हातोडीनं टिचकी मारली की चांगला ड्रम घंटेसारखा वाजतो. तडा असेल तर आवाज बद्द येतो. आतल्या बाजूला उष्णतेच्या बारीक रेघा चालतात, आरपार गेलेला तडा चालत नाही. आणि लेथवर घासून ड्रम गुळगुळीत करता येतो, पण किती मोठ्या व्यासापर्यंत, हे बहुतेक ड्रमांवर ओतीवातच लिहिलेलं असतं. ती हद्द ओलांडली की ड्रम पातळ होतो, लवकर तापतो, तडकतो. बसवकल्याणजवळच्या सस्तापूर बंगल्यावर, पुणे–हैदराबाद हायवेला, लेथ आणि स्पेअरची दुकानं हाताशी आहेत. तिथं ड्रम देताना माप लिहून द्या आणि परत घेताना मोजून घ्या.

आता स्लॅक अॅडजस्टर. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. म्हणजे गरज जास्त असते तेव्हाच दांड्याला जास्त अंतर जावं लागतं. ३० नंबरच्या साध्या चेंबरचा दांडा एकूण अडीच इंच सरकू शकतो. पूर्ण ब्रेक दाबल्यावर तो दोन इंचांपेक्षा जास्त सरकत असेल, तर गाडी रस्त्यावर काढू नये. थंड गाडीत ठीक वाटणारा हा ब्रेक उतारावर तळाला जाऊन टेकतो, आणि मग कितीही दाबा, जोर ड्रमपर्यंत पोचत नाही. हातानं जुळवायचा अॅडजस्टर असेल तर चाक उचलून लायनर ड्रमला लागेपर्यंत बोल्ट फिरवायचा, मग चाक मोकळं फिरेल इतकाच मागे घ्यायचा. त्यानंतर दांड्यावर खडूनं खूण करून, ब्रेक दाबून, पट्टीनं मोजायचं. मिस्त्रीच्या खिशात पोराच्या कंपासपेटीतली सहा इंची पट्टी होती. त्या दिवशी चारही चाकांचं माप त्यानं तिनंच घेतलं.

ज्या गाडीच्या मागच्या चाकांना स्प्रिंग ब्रेकचं दुहेरी चेंबर आहे, तिथं एक गोष्ट जीवावरची आहे. त्याच्या मागच्या डब्यात दाबून ठेवलेली प्रचंड ताकदीची स्प्रिंग असते. हवा संपली की तीच स्प्रिंग ब्रेक लावते. म्हणून हवा गेली तरी गाडी उभी राहते. पण कोंडणारा बोल्ट लावून स्प्रिंग आवळल्याशिवाय त्या डब्याचा पट्टा सोडला, तर झाकण तोफेच्या गोळ्यासारखं सुटतं. गंजलेला डबा उघडूच नका, पूर्ण बदला.

चाकांचंही तसंच. या गाड्यांना १०.००-२० चे ट्यूबचे टायर, आणि रिम तुकड्यांची : मुख्य रिम, बाजूची रिंग आणि लॉक रिंग. टायरमध्ये १०० पीएसआयच्या आसपास हवा असते. गंजलेली किंवा वाकडी लॉक रिंग हवा भरताना निसटली तर समोरचा माणूस वाचत नाही. म्हणून चाक खोलण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण हवा सोडा, आणि मागच्या जोडचाकात दोन्ही टायरांची सोडा. रिंगा खरवडून गंज काढा. तडा दिसला की ती रिंग भंगारात. वेल्डिंग करून पुन्हा वापरू नका. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा आणि लांब नळी लावून बाजूला उभे राहा. रिंगेवर हातोडी मारत हवा भरायची सवय आपल्याकडे फार आहे. ती आजच सोडा.

बेअरिंग धुऊन उजेडात फिरवून बघा. निळसर झालेलं, खड्डे पडलेलं असेल तर नवं घाला. जुन्या ग्रीसवर नवं थापू नका. नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्यानं आवळा. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, ते आधी तपासा. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा आवळा. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा : १५१९ म्हणजे २०१९ सालचा पंधरावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी उन्हात वर्षानुवर्षं उभा राहिलेला टायर कडेला चिरतो. पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर नको.

सगळं बसलं की टाक्या भरून इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि एक मिनिट काटा बघा. अमेरिकेत ट्रकचा परवाना देताना चालकाकडून हीच चाचणी करून घेतात. बिनट्रेलरच्या गाडीत पहिली घट सोडून मिनिटाला ३ पीएसआयपेक्षा जास्त दाब उतरू देत नाहीत. आपल्या सोळा-तेरात पहिल्या खेपेला काटा दिसत दिसत खाली आला. साबणाचं पाणी लावल्यावर मागच्या चेंबरच्या पाईपजवळ बुडबुडे आले. डायफ्राम आणि पाईप बदलले आणि काटा थांबला. टाकीखालची चावी रोज संध्याकाळी उघडून पाणी सोडायचं, हे पुढं ड्रायव्हरचं काम.

आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. तो कागद एका दिवसाचा दाखला असतो. ब्रेक रोज झिजतो. या कामाला पाच दिवस लागले आणि मालकाच्या हंगामाच्या पहिल्या खेपा गेल्या. सहाव्या दिवशी रिकाम्या मैदानात, आधी मोकळी आणि मग अर्धी भरलेली, अशी गाडी दहा-दहा वेळा थांबवून बघितली. ती सरळ रेषेत थांबली. तेव्हाच मिस्त्रीनं चावी मालकाच्या हातात दिली.

तुमच्याकडे अशी गाडी उभी असेल तर इंजिनाच्या आधी चाकं उघडा. रस्त्यावर सायकलनं शाळेला निघालेली पोरं असतात, बैलगाड्या असतात, तोडणीच्या टोळ्या असतात. आपली गाडी थांबेल, या भरवशावरच ते सगळे रस्ता ओलांडतात.

(पुढच्या भागात : स्टिअरिंग आणि कमानपाटे)