आर्नोकाठची छत्री

इटलीतील फ्लॉरेन्स हे आर्नो नदीकाठचे जुने शहर. तेथे जाणारा प्रवासी ब्रुनेलेस्कीने उभारलेला घुमट पाहतो, मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ पाहतो आणि सोनारांच्या दुकानांनी दुतर्फा भरलेला, १३४५ सालचा जुना पूल ओलांडतो. १९४४ साली माघार घेताना जर्मन सैन्याने नदीवरील बाकीचे जुने पूल उडवले. हा एवढा राहिला.

परंतु मराठी माणसाने तेथे आणखी एक ठिकाण पाहावे असे मला वाटते. काठाकाठाने पश्चिमेस गेले की कास्चिने नावाचे लांबलचक उद्यान लागते. त्याच्या पार टोकाला मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते. तेथे एक छत्री असून तीत डोईला पागोटे असलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. हा तरुण म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

महाराजांचा जन्म १८५० चा. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले जाई अशा काळात, १८७० साली, ते इंग्लंडला गेले. व्हिक्टोरिया राणीची त्यांनी भेट घेतली. जे पाहिले ते इंग्रजीतून रोजनिशीत टिपून ठेवले. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स मुक्कामी ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे देहावसान झाले. वय अवघे वीस!

आता अंत्यसंस्कार कसा करावयाचा? त्या देशात मृतास पुरण्याची रीत. दहनासाठी खास परवानगी काढावी लागली. ती मिळाली आणि दोन नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. संगमच का, हे नदीकाठी वाढलेल्यास सांगावे लागत नाही. आमचे दहिवली उल्हासच्या एका काठी, कर्जत दुसऱ्या काठी. आमच्याकडेही माणसाची शेवटची वाट नदीकडेच जाते. मुलूख परका असला तरी पाणी ओळखीचे असते.

१८७४ साली तेथे छत्री उभी राहिली. आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडविला. महाराजांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ साली लंडन येथे प्रसिद्ध केली. पुढे १९७८ साली छत्रीजवळ आर्नोवर मोठा पूल झाला. त्याचे नाव ‘पोंते आल् इंडियानो’, म्हणजे ‘भारतीयाचा पूल’. त्या नावात ना राजाराम, ना कोल्हापूर. तेथल्या लोकांच्या तोंडी महाराज केवळ ‘भारतीय’ होऊन राहिले. पण याचा दोष त्यांना कोणत्या तोंडाने द्यावा? आमच्या वर्गातील किती जणांना हे नाव ठाऊक असेल?

मी एकोणीस वर्षांची. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच. महाराजांजवळ लवाजमा होता, आमच्याजवळ एस.टी.चा पास. तरीही वही-पेन्सिल घेऊन जग पाहावयास निघणे हे आम्हांलाही जमण्यासारखे आहे. लवाजमा केव्हाच पांगला. वही मात्र उरली.

आणखी एक. परक्या पाहुण्याला त्याच्या रीतीने निरोप घेऊ देणे, हे त्या शहराचे मोठेपण मला घुमटाहून उंच वाटते. आमच्या तालुक्यातही वीटभट्टीवर, बांधकामावर दूरदूरची माणसे पोटासाठी येतात. त्यांच्यापैकी कोणावर असा प्रसंग आला, तर आपला काठ त्यांना परका वाटू नये.